निम्म्या मोसमाचा निकाल

२०२२ सालच्या जुलै महिन्यात एका सकाळी माझ्या भाच्याचा अमेरिकेहून फोन आला. हा भाचा बरीच वर्षे न्यू जर्सीत असतो. लहानपणी गल्लीत क्रिकेट खेळताना आमच्या खिडकीच्या काचा फोडणारा हा मुलगा तिकडे जाऊन बेसबॉलचा भक्त झाला आहे, आणि त्याचे दैवत म्हणजे ‘न्यूयॉर्क यँकीज’ हा संघ. त्या दिवशी त्याच्या आवाजात दसरा-दिवाळी एकदम आल्याचा आनंद होता.

“मामा, ब्याण्णव सामन्यांत चौसष्ट विजय! पूर्ण मोसम एकशे बासष्ट सामन्यांचा. तुम्हीच शिकवलेले त्रैराशिक मांडा. एकशे तेरा विजय होतात!”

मी मांडले. ६४ ला १६२ ने गुणून ९२ ने भागले की ११२.७ येतात. गणित बरोबर होते. तरीही मी त्याला म्हणालो, “एकशे तेरा नको धरू. चार-पाच कमी धर.” त्याला ते आवडले नाही. संघात काय कमी आहे ते सांगा, असा त्याचा आग्रह. मला संघातले काहीच माहीत नव्हते. मी बेसबॉलचा एकही पूर्ण सामना पाहिलेला नाही. मी फक्त एवढेच म्हणत होतो, की या जागी त्रैराशिक लावता येत नाही.

का लावता येत नाही, हा या लेखाचा विषय आहे. वर्गात सहामाहीच्या गुणपत्रिका हातात घेऊन आपण शिक्षक जे बोलतो, त्याच्याशीही त्याचा संबंध आहे. त्याकडे नंतर येऊ.

आधी खेळाविषयी थोडे. बेसबॉलमध्ये दोन संघ आलटून पालटून नऊ-नऊ वेळा फलंदाजी करतात आणि ज्याच्या धावा जास्त तो जिंकतो. बरोबरी झाली तर निकाल लागेपर्यंत जादा डाव खेळतात. म्हणजे अनिर्णित सामना जवळजवळ नसतोच. विजय किंवा पराभव, दोनच शक्यता. अमेरिकेतील (आणि कॅनडातील एक, टोराँटोचा) मिळून तीस संघ वरच्या श्रेणीत खेळतात. प्रत्येकाचे १६२ सामने, त्यांपैकी ८१ घरच्या मैदानावर. २०२२ मध्ये हे सामने ७ एप्रिल ते ५ ऑक्टोबर या काळात झाले. सुट्टीचे दिवस मोजकेच. जुलैच्या मध्याला निवडक खेळाडूंचा एक प्रदर्शनी सामना होतो आणि त्यासाठी चार दिवस विश्रांती मिळते. या विश्रांतीला मोसमाचा मध्य म्हणायची पद्धत आहे. खरे तर तोवर निम्म्याहून जास्त सामने झालेले असतात. सगळे शौकीन याच वेळी आपापल्या संघाचा जमाखर्च मांडतात. माझ्या भाच्याचा फोन त्याच दिवसांतला.

क्रिकेट पाहणाऱ्या आपल्या डोळ्यांना बेसबॉलच्या तक्त्यातील एक गोष्ट खटकते. २०२२ मध्ये सर्वांत वर राहिलेला लॉस एंजेलिस डॉजर्स हा संघ १११ सामने जिंकला, म्हणजे ५१ सामने हरला. सर्वांत तळाचा वॉशिंग्टन नॅशनल्स १०७ सामने हरूनही ५५ जिंकला. उत्तम संघ तीनांतला एक सामना हरतो आणि वाईट संघ तीनांतला एक जिंकतो! याचे कारण खेळातच आहे. दंडगोल बॅटने गोल चेंडू मारायचा. जाड भागापाशीही बॅटचा व्यास साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास आणि चेंडूचा सव्वासातच्या पुढे. दोन्ही गोलाकार, त्यामुळे आदळण्याची जागा थोडी वरखाली झाली तरी चेंडू मैदानाबाहेर जाण्याऐवजी क्षेत्ररक्षकाच्या हातात पडतो. शिवाय चेंडू टाकणारा मुख्य खेळाडू, म्हणजे पिचर, दर सामन्याला बदलतो. थोडक्यात, एका सामन्यात गुणवत्तेला बोलायला फारशी संधी मिळत नाही. ती बोलते, पण हळू आवाजात, आणि आजूबाजूला योगायोगाचा गोंगाट बराच असतो.

हा गोंगाट किती मोठा असतो, ते मोजण्यासाठी नाण्यासारखे साधन नाही. वर्गातील तीस मुलांना प्रत्येकी एक नाणे द्या. प्रत्येकाने ते ८१ वेळा उडवायचे, छापा पडला तर विजय, काटा पडला तर पराभव. सगळी नाणी सारखीच आहेत. कोणाचेही नाणे हुशार नाही. सरासरीने साडेचाळीस छापे पडायला हवेत. पण प्रत्येकाला तेवढेच पडणार नाहीत. n वेळा नाणे उडवले तर छाप्यांच्या संख्येचे प्रमाण विचलन n च्या वर्गमुळाच्या निम्मे असते. ८१ चे वर्गमूळ ९, त्याचे निम्मे साडेचार. तीस मुलांमध्ये सर्वांत वरचा मुलगा सरासरीच्या वर साधारण दोन प्रमाण विचलने असतो, म्हणजे त्याचे ४९-५० छापे असतील. तळाच्या मुलाचे ३१-३२. फळ्यावर उतरत्या क्रमाने यादी लिहा. ती बेसबॉलच्या तक्त्यासारखी दिसू लागेल. वरच्या मुलाच्या चेहऱ्यावर थोडा अभिमानही दिसेल! हा तास गोंगाटाचा होतो, शेजारच्या वर्गातून तक्रार येते, पण अवश्य घ्यावा.

मग यँकीजचे ६४ विजयही नाण्याचाच खेळ होता का? तसे मुळीच नाही. ९२ वेळा नाणे उडवले तर सरासरी ४६ आणि प्रमाण विचलन ४.८ येते. ६४ म्हणजे सरासरीच्या वर १८, जवळजवळ पावणेचार प्रमाण विचलने. नुसत्या योगायोगाने एवढे वर जाणे इतके दुर्मीळ आहे, की ती शक्यता सोडून दिलेली बरी. संघ चांगला होता. भाच्याचे तेवढे म्हणणे शंभर टक्के खरे. प्रश्न असा, की या १८ जादा विजयांपैकी गुणवत्तेचे किती आणि योगायोगाचे किती?

एका संघाकडे पाहून याचे उत्तर मिळत नाही. सगळ्या तीस संघांकडे एकत्र पाहिले तर मिळते. (जुलैत मी आधीच्या मोसमांचे तक्ते वापरले होते. वाचकांना पडताळा घेता यावा म्हणून इथे २०२२ चाच शेवटचा तक्ता घेतो. उत्तर फारसे बदलत नाही.) त्या वर्षी तीस संघांचे विजय असे होते:

१११, १०६, १०१, १०१, ९९, ९३, ९२, ९२, ९०, ८९, ८७, ८६, ८६, ८३, ८१, ८१, ७८, ७८, ७४, ७४, ७३, ६९, ६८, ६८, ६६, ६५, ६२, ६२, ६०, ५५.

बेरीज २४३० आणि सरासरी ८१, जी असायलाच हवी, कारण एकाचा विजय हा दुसऱ्याचा पराभव असतो. आता प्रत्येक आकड्यातून ८१ वजा करा, आलेल्या फरकांचे वर्ग करा, त्यांची बेरीज घ्या. ती ६२५२ येते. तिला ३० ने भागले की २०८.४. प्रमाण विचलनाच्या या वर्गाला प्रचरण म्हणतात. दहावीच्या मुलांना हे गणित एका तासात जमते.

हे सगळे संघ म्हणजे सारखीच नाणी असती, तर प्रचरण किती आले असते? १६२ भागिले ४, म्हणजे ४०.५. प्रत्यक्षात आले २०८.४. प्रचरणाचा मोठा सोयीचा गुण असा, की दोन कारणे एकमेकांपासून स्वतंत्र असली तर त्यांच्या प्रचरणांची सरळ बेरीज होते. (प्रमाण विचलनांची होत नाही. ही चूक मुले हमखास करतात, आणि मीही नोकरीच्या पहिल्या वर्षी फळ्यावर केली होती.) म्हणून २०८.४ मधून योगायोगाचे ४०.५ वजा केले की उरलेले सुमारे १६८ हे संघांच्या गुणवत्तेतील खऱ्या तफावतीचे. म्हणजे पूर्ण मोसमाच्या तक्त्यातसुद्धा पाचवा हिस्सा योगायोगाचा असतो.

सामने कमी झाले की हा हिस्सा वाढतो. योगायोगाचे प्रचरण सामन्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाढते, गुणवत्तेचे मात्र संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात. त्यामुळे सुरुवातीला योगायोग पुढे असतो आणि गुणवत्ता त्याला मागून गाठते. कधी गाठते? १६८ चे वर्गमूळ १३, आणि १३ भागिले १६२ म्हणजे ०.०८. n सामन्यांनंतर दोन्ही समान व्हायचे असतील तर ‘n भागिले ४’ आणि ‘n चा वर्ग गुणिले ०.००६४’ सारखे हवेत. हे समीकरण सोडवले की n येतो ३९, सोयीसाठी ४० धरू. चाळीस सामने, म्हणजे साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, तक्त्यातील निम्मी तफावत योगायोगाची असते. ८१ सामन्यांनंतर एक तृतीयांश उरते.

या चाळीस आकड्याचा एक सुरेख उपयोग आहे. कोणत्याही संघाच्या आजवरच्या कामगिरीत आपण चाळीस काल्पनिक सामने मिसळायचे, वीस जिंकलेले आणि वीस हरलेले. चहात दूध घालावे तसे. मग जे गुणोत्तर येईल तो त्या संघाच्या खऱ्या ताकदीचा बरा अंदाज. यँकीजसाठी ६४ मध्ये २० मिळवून ८४, आणि ९२ मध्ये ४० मिळवून १३२. भागाकार ०.६३६. भाच्याच्या त्रैराशिकातला दर होता ०.६९६. उरलेल्या ७० सामन्यांत ०.६३६ च्या दराने साडेचव्वेचाळीस विजय. आधीचे ६४ मिळवले की १०८ किंवा १०९. “चार-पाच कमी धर” हे मी असे म्हटले होते.

एक लक्षात घ्यावे, की आपण झालेल्या ६४ विजयांतून काहीही कापत नाही. ते खिशात आहेत. आधी नशीब जोरावर होते म्हणून आता ते वसूल केले जाईल, असे नाणे कधीच करत नाही. पुढे नशीब ना बाजूने ना विरुद्ध, एवढेच आपण मानतो. अनेक वर्तमानपत्री लेखांत या दोन कल्पनांची गल्लत झालेली असते.

आता प्रत्यक्षात काय झाले ते पाहू. विश्रांतीनंतरच्या ७० सामन्यांत यँकीज ३५ जिंकले आणि ३५ हरले. अगदी नाण्यासारखे! ऑगस्टमध्ये तर १० विजय आणि १८ पराभव. जुलैच्या मध्याला टँपा बे रेज या संघावर त्यांची १३ सामन्यांची आघाडी होती, ती सप्टेंबरच्या पूर्वार्धात चारच्याही खाली आली. भाच्याचे फोन रोडावले. जे आले त्यांत कारणांची मोठी यादी असे. मॅनेजरला काही कळत नाही. मालक पैसा सोडत नाही. २ ऑगस्टच्या मुदतीआधी जॉर्डन माँटगोमेरी हा चांगला पिचर सेंट लुईसला देऊन टाकला. खेळाडूंना जिंकण्याची भूकच उरली नाही. शेवटी संघ गटात पहिला आला, विजय ९९.

भाच्याचे ११३ चुकले, तसे माझे १०८ देखील चुकले, हे कबूल करायला हवे. माझी चूक त्याच्यापेक्षा लहान, पण लहानशी म्हणावी अशीही नाही. सत्तर सामन्यांच्या योगायोगाचे प्रमाण विचलन ४.२. माझ्या ०.६३६ या अंदाजातही अनिश्चितता आहेच, ती धरली की पाचच्या आसपास जाते. मी साडेनऊ विजयांनी चुकलो, म्हणजे सुमारे दोन प्रमाण विचलने. इतकी घसरण नुसत्या योगायोगाने शंभरात तीन-चार वेळा व्हावी.

याचे दोन अर्थ लागतात आणि माझ्या मते दोन्ही थोडे थोडे खरे आहेत. पहिला असा, की योगायोगाबाहेरची कारणेही होती. मायकेल किंग हा भरवशाचा पिचर २२ जुलैला कोपराचे हाड मोडून मोसमातून बाद झाला. मॅट कार्पेंटरचे पाऊल ८ ऑगस्टला मोडले. लुईस सेव्हेरिनो जुलैपासून दोन महिने बाहेर होता. जुलैपूर्वीचा संघ आणि नंतरचा संघ एकच नव्हता, आणि माझे सूत्र हाडे मोडण्याचा हिशेब करत नाही. दुसरा अर्थ असा, की संघ तीस आहेत. शंभरात तीन-चार वेळा घडणारी गोष्ट तीस संघांत दरवर्षी एखाद्याच्या वाट्याला यायचीच. मी यँकीजची गोष्ट सांगतो आहे, कारण ती घडली. ज्या संघांच्या बाबतीत अंदाज बिनबोभाट बरोबर आला, त्यांच्यावर कोणी लेख लिहीत नाही.

याच संघात या नियमाला वाकुल्या दाखवणारे एक उदाहरणही होते. ॲरन जज या फलंदाजाने विश्रांतीपर्यंत ३३ होमरन मारले होते. (चेंडू थेट सीमेपार गेला की होमरन; आपला षटकार म्हणा.) त्रैराशिकाने मोसमाचे ५८ झाले असते. चहात दूध घालणाऱ्या माझ्यासारख्याने त्याहून कमी सांगितले असते. जजने उरलेल्या सामन्यांत २९ मारले आणि ४ ऑक्टोबरला ६२ वा होमरन मारून रॉजर मॅरिसचा १९६१ पासूनचा अमेरिकन लीगमधील विक्रम मोडला. सरासरीकडे परतणे हा समूहाचा नियम आहे. वर गेलेल्यांपैकी बहुतेक थोडे खाली येतात, सगळे येत नाहीत, आणि कोण येणार नाही हे आधी सांगता येत नाही.

ही कल्पना बेसबॉलमधून आलेली नाही. इंग्लंडमध्ये फ्रॅन्सिस गॉल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडील आणि त्यांची प्रौढ मुले यांच्या उंचीचे तक्ते मांडले, तेव्हा त्यांना दिसले, की फार उंच आईवडिलांची मुले उंच असतात, पण सरासरीने आईवडिलांइतकी नाहीत. बुटक्यांची मुले बुटकी, पण तितकी नाहीत. उलट दिशेने पाहिले तरी तेच: फार उंच मुलांचे आईवडील मुलांइतके उंच नसतात. मुले आईवडिलांची उंची ठरवत नाहीत, तेव्हा यात कार्यकारण शोधण्यात अर्थ नाही. हा मोजमापाचा गुणधर्म आहे.

विजयांपेक्षा कमी गोंगाटाची एखादी मोजपट्टी असेल तर? बिल जेम्स नावाच्या गृहस्थांनी हा प्रश्न विचारला. कॅन्सस राज्यात, डबाबंद खाद्यपदार्थांच्या कारखान्यात, ते रात्रपाळीचे पहारेकरी होते, आणि पहाऱ्याच्या वेळात बेसबॉलचे आकडे तपासत बसत. १९७७ पासून ते आपली आकडेवारीची पुस्तिका स्वतःच छापून विकू लागले. त्यांचे म्हणणे असे, की विजय मोजण्यापेक्षा धावा मोजा. केलेल्या धावांचा वर्ग घ्या, दिलेल्या धावांचा वर्ग घ्या. पहिल्याला दोन्हींच्या बेरजेने भागा. जे येईल ते विजयाचे अपेक्षित गुणोत्तर. वर्गांची बेरीज पाहून या सूत्राला पायथागोरसचे नाव चिकटले, काटकोन त्रिकोणाशी त्याचा काहीही संबंध नाही.

२०१२ मधील बाल्टिमोर ओरिओल्स या संघाने ७१२ धावा केल्या आणि ७०५ दिल्या. सूत्र सांगते ८२ विजय. प्रत्यक्षात झाले ९३! हे अकरा जादा विजय आले कुठून? एका धावेने निकाल लागलेल्या सामन्यांत त्यांनी २९ जिंकले आणि फक्त ९ हरले. त्या वर्षी ‘अटीतटीच्या वेळी डोके थंड ठेवणारा संघ’ अशी त्यांची ख्याती झाली. पुढच्या वर्षी मॅनेजर तोच, मुख्य खेळाडूही बरेचसे तेच. एका धावेचे सामने: २० विजय, ३१ पराभव. विजयांची संख्या ८५. थंड डोकी एका हिवाळ्यात तापली, असे मानायला मी तयार नाही.

आता २०२२ च्या यँकीजकडे पाहा. पूर्ण मोसमात त्यांनी ८०७ धावा केल्या आणि ५६७ दिल्या. सूत्र लावले तर १०८ विजय! माझ्या अंदाजाशी आकडा जुळला हा योगायोग समजावा, पण संघ ९९ विजयांनी दाखवला त्यापेक्षा बरा होता, एवढे धावा नक्की सांगतात. हे मी भाच्याला ऑक्टोबरात कळवले. तोवर ह्यूस्टनने त्याच्या संघाला सरळ चार सामन्यांत हरवून बाहेर काढले होते. त्याने उत्तर दिले नाही.

आता मॅनेजरचा मुद्दा. संघ घसरला की मॅनेजरला काढण्याची मागणी होते, हे जगभर सारखेच. २०२२ च्या मोसमात चार संघांनी मध्येच मॅनेजर बदलला. फिलाडेल्फिया फिलीजने जूनमध्ये, २२ विजय आणि २९ पराभव असताना. पुढे त्याच संघाने ६५ जिंकले, ४६ हरले आणि थेट अंतिम मालिकेपर्यंत धडक मारली. टोराँटो ब्लू जेजने जुलैत, ४६-४२ असताना, पुढे ४६-२८. ही दोन उदाहरणे सर्वांना पाठ आहेत. उरलेली दोन? लॉस एंजेलिस एंजल्सने जूनमध्ये सलग बारा पराभवांनंतर मॅनेजर काढला, तेव्हा २७-२९, पुढे ४६-६०. टेक्सास रेंजर्सने ऑगस्टमध्ये काढला, तेव्हा ५१-६३, पुढे १७-३१. दोन संघ चढले, दोन आणखी घसरले. फिलीजची चढण आपल्या चाळीस सामन्यांच्या सूत्राला पुरून उरते. सूत्राप्रमाणे त्यांना उरलेल्या १११ सामन्यांत ५१ विजय मिळायला हवे होते, मिळाले ६५. तेव्हा तिथे काहीतरी खरोखर बदलले असावे. पण ते मॅनेजरमुळेच, हे एका उदाहरणाने सिद्ध होत नाही. मॅनेजर खड्ड्याच्या तळाशीच बदलतात, शिखरावर कोणी बदलत नाही. तळावरून पुढची वाट बहुधा वरच जाते, आणि श्रेय नव्या माणसाच्या नावावर जमा होते.

डॅनिएल कानेमन हे मानसशास्त्रज्ञ एक अनुभव सांगत असत. इस्रायलच्या हवाई दलातील शिक्षकांना ते समजावत होते, की शिक्षेपेक्षा शाबासकीने माणूस लवकर शिकतो. एक अनुभवी शिक्षक उठून म्हणाला, की आमचा अनुभव नेमका उलटा आहे. उत्तम कसरत केलेल्या वैमानिकाची स्तुती केली की पुढची कसरत बिघडते. वाईट केलेल्याला झापले की सुधारते. त्याचे निरीक्षण अचूक होते. निष्कर्ष चूक होता. असाधारण चांगल्या कसरतीनंतरची कसरत शाबासकी दिली नसती तरी साधारणच झाली असती.

हे मी प्रथम वाचले तेव्हा आमची शिक्षकखोली डोळ्यांसमोर आली. सहामाहीत गणितात पहिली आलेली एक मुलगी होती. मी तिचे वर्गासमोर भरपूर कौतुक केले. वार्षिक परीक्षेत ती सहावी आली. त्याच वर्गातील एका मुलाला सहामाहीत अठरा गुण मिळाले म्हणून मी अद्वातद्वा बोललो होतो, त्याला वार्षिकला एकतीस मिळाले. आम्ही सगळ्यांनी चहा पिता पिता ठरवून टाकले, की कौतुकाने मुले शेफारतात आणि ओरडल्याशिवाय सुधारत नाहीत. पुढे कित्येक वर्षे मी त्याप्रमाणे वागलो. त्या मुलीला तर मी ‘हवा डोक्यात गेली’ असेही म्हणालो होतो. प्रश्नपत्रिकेत तिने नेमकी तयारी केलेली प्रकरणे आली होती, की तिने खरोखर अभ्यास सोडला होता, हे मी तिला विचारले नाही.

म्हणून नाण्यांचा तास दोन भागांत घ्यावा, अशी माझी सूचना आहे. पहिल्या ८१ फेकींनंतर वरच्या पाच मुलांना उभे करून टाळ्या वाजवा. तळाच्या पाच जणांना खोटे खोटे रागवा, “नाणे नीट उडवता येत नाही का?” म्हणा. मग सर्वांना पुन्हा ८१ वेळा नाणे उडवायला लावा आणि दोन्ही गटांची सरासरी काढा. टाळ्या मिळालेला गट खाली आलेला असेल, रागावलेला गट वर गेलेला असेल, आणि दोघेही साडेचाळीसच्या आसपास असतील. नंतर पाच मिनिटे काही बोलू नका. मुले आपसांत काय बोलतात ते ऐका.

भाचा मात्र अजून बदललेला नाही. २०२३ च्या जुलैत त्याचा फोन आला, तेव्हा यँकीजचे ४९ विजय आणि ४२ पराभव होते. “मामा, त्रैराशिकाने सत्त्याऐंशी येतात. तुमची नाणी काय म्हणतात?” मी वही काढली. ४९ आणि २० मिळून ६९. ९१ आणि ४० मिळून १३१. उरलेले सामने ७१. “शहाऐंशी,” मी म्हणालो. मोसमाच्या शेवटी झाले ब्याऐंशी.

“चौघांनी चुकलात,” त्याने कळवले.

“तू पाचांनी,” मी उत्तर पाठवले.